आल्फोन्स पेनोचं 1871 चं रबरी विमान: मापं, जुळणी आणि उड्डाण

राइट बंधूंच्या 1903 च्या उड्डाणाआधी 32 वर्षं पॅरिसमध्ये 21 वर्षांच्या एका तरुणाने हाताच्या पंजावर मावेल एवढ्या वजनाचं विमान उडवलं. वजन 16 ग्रॅम, पंखांची लांबी जेमतेम 45 सेंटिमीटर, इंजिन म्हणजे पीळ दिलेलं रबर. 18 ऑगस्ट 1871 रोजी त्युलरी बागेत ते 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर गेलं. दोरी नाही, उतार नाही, हवेत गेल्यावर कुणाचा हात नाही. तरीही ते स्वतःचा तोल स्वतः सांभाळत गेलं. या तरुणाचं नाव आल्फोन्स पेनो आणि विमानाचं नाव प्लानोफोर.

हे मॉडेल कोल्हापुरात मिळणाऱ्या सामानातून कसं बांधायचं, ते इथे सांगतो आहोत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलचं शोभेचं विमान करण्यापेक्षा सातवी-आठवीच्या मुलांनी हे करावं असं आम्हाला मनापासून वाटतं. भारतात विमानाचा विषय निघाला की शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवल्याच्या दाव्याची चर्चा होतेच. पण त्या यंत्राची मापं आणि वजनं हाती नाहीत, त्यामुळे ते पुन्हा बांधून बघता येत नाही. पेनोच्या विमानाची आहेत. ती मापं घेऊन कोणीही आज ते उडवू शकतं, हेच त्याचं खरं मोल.

पेनोबद्दल थोडं आधी, कारण बांधणीतली प्रत्येक गोष्ट त्याच्याशी जोडलेली आहे. जन्म 31 मे 1850, पॅरिस. घराणं आरमारातलं, वडील अ‍ॅडमिरल. यालाही आरमारातच जायचं होतं, पण खुब्याच्या आजाराने ते दार बंद झालं. मग तो उड्डाणाच्या अभ्यासाकडे वळला. त्याच्या आधीची उडती खेळणी धनुष्यासारख्या वाकवलेल्या पट्टीच्या जोरावर फिरत. पट्टी जड, आणि दोन-चार फेऱ्यांत जोर संपायचा. 1870 मध्ये पेनोने पीळ दिलेलं रबर वापरून छोटं हेलिकॉप्टर उडवलं. तेवढ्याच वजनात रबर कितीतरी जास्त ताकद साठवतं आणि ती हळूहळू सोडतं. पुढच्याच वर्षी त्याने तेच रबर विमानाला लावलं.

सामान

दांडीसाठी जाड सालीचा, वाळलेला बांबू. बुरुडाकडे उभा चिरलेला तुकडा मिळतो. ओला घेऊ नका, आठवड्याभरात वाकतो. पंखांसाठी पतंगाच्या बारीक कामट्या चालतात. पतंगी कागद दोन ताव, फेव्हिकॉल, शिवणाचा दोरा, एक मि.मी. जाडीच्या दोन मोठ्या पेपर क्लिपा, काचेचा एक बारीक मणी, पत्र्याची पाच मि.मी. रुंद पट्टी, दही किंवा श्रीखंडाचा गोल प्लास्टिकचा डबा, मूर्तिकामाची माती किंवा प्लॅस्टिसिन, आणि तीन मि.मी. रुंदीची रबरबँडं.

रबराबाबत तडजोड करू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून लावायचा मोह होतो. ट्यूब बहुधा ब्युटाइल रबराची असते. ती ताणली जाते, पण दिलेली ताकद पूर्ण परत देत नाही, बरीचशी आतल्या आत उष्णतेत जाते. नैसर्गिक रबराचं ताजं बँड लागतं. ओळखायची सोपी खूण: मूळ लांबीच्या सहापट ताणा आणि सोडा. न तुटता लगेच मूळ लांबीवर आलं तर चांगलं.

वजनासाठी 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा हवा. घरी नसेल तर गुजरीत ओळखीच्या सराफाकडे दोन मिनिटांचं काम आहे. वजन न करता हे मॉडेल बांधू नये. 22-24 ग्रॅमचं विमान उडतं, तेच 35 ग्रॅमचं झालं की जमिनीवर येतं, आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात.

दांडी

लांबी 51 सें.मी., जाडी चार मि.मी. बाय चार मि.मी., वजन पाच ते साडेपाच ग्रॅम. पेरं (गाठी) कमीत कमी असलेला भाग घ्या. काचेच्या तुकड्याने किंवा पॉलिश पेपरने घासून सरळ करा. सालीची बाजू वर ठेवायची, याला कारण आहे. रबर दांडीच्या खालून जातं आणि पीळ दिला की दोन्ही टोकं खाली ओढतं. त्यामुळे दांडीच्या वरच्या बाजूवर ताण येतो, आणि बांबूचा सर्वांत चिवट भाग म्हणजे त्याची साल. साल खाली ठेवली तर तीच दांडी जास्त वाकते आणि पंख-शेपटीचा कोन उड्डाणात बदलत राहतो.

पुढच्या टोकाला पेपर क्लिपचा आकडा दोऱ्याने बांधा. आकडा दांडीच्या खाली एक सें.मी. लोंबला पाहिजे. दोऱ्यावर फेव्हिकॉल फिरवा आणि रात्रभर वाळू द्या. घाईत फक्त फेविक्विक लावलं तर पिळाच्या जोराने आकडा निसटतो.

मागचा पंखा

पेनोने पंखा (प्रोपेलर) शेपटीच्याही मागे ठेवला. तिथे तो ठेचेतून वाचतो. विमान नाकावर उतरतं आणि पाती शाबूत राहतात.

पत्र्याची पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा: तळ एक सें.मी., दोन्ही पाय दीड-दीड सें.मी. दोन्ही पायांत समोरासमोर, तळापासून एक सें.मी. अंतरावर, 1.2 मि.मी.चं भोक हवं. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये बारीक ड्रिलने ते पाडून मिळेल. भोकं एका रेषेत नसतील तर आस अडकतो आणि निम्मा पीळ घर्षणातच जातो. तळ दांडीच्या मागच्या टोकाला खालून बांधायचा.

पात्यांसाठी डब्याची गोल भिंत वापरायची. डब्यावर उभी रेघ मारा, तिच्यापासून 15 अंश कललेली दुसरी रेघ मारा आणि या कललेल्या रेघेला मधोमध ठेवून पातं आखा: लांबी नऊ सें.मी., रुंदी अडीच ते तीन सें.मी., टोक गोल. गोल भिंतीवर तिरकं कापल्यामुळे पात्याला हवा तो पीळ आपोआप येतो. दुसरं पातं अगदी त्याच दिशेला कललेलं हवं, आरशातल्या प्रतिमेसारखं नको. बहुतेक पंखे इथेच फसतात. एक पातं मागे वारा देतं, दुसरं पुढे, आणि पंखा गरगर फिरूनही ओढ शून्य.

मधल्या आधारासाठी सात सें.मी.ची बांबूची काडी घ्या. तिच्या मध्यात भोक पाडून दोन्ही टोकांना पाती चिकटवा. व्यास साधारण 21 सें.मी. येईल. पंखा टेबलावर आडवा ठेवून बघा: टोकापासून तीन सें.मी. आत पात्याचा कल टेबलाशी सुमारे 30 अंश हवा. कोनमापक पुठ्ठ्यावर काढून तो बाजूला धरला की लगेच कळतं. पात्याची पोकळ बाजू मागे राहते.

पेपर क्लिप सरळ करून आस बनवा. एका टोकाला रबराचा आकडा, मग पट्टीची दोन भोकं, मग मणी, मग पंखा, आणि शेवटी तार वाकवून पंख्याच्या काडीत पक्की. मणी विसरू नका. रबराची सगळी ओढ पंख्याला पुढे पट्टीवर दाबत असते, आणि मणी नसेल तर लाकूड पत्र्यावर घासतं. पंखा एका बाजूला जड असेल तर जड पात्याचं टोक एकेक मि.मी. कापत तोल साधा. सगळा पंखा तीन ग्रॅमच्या आसपास बसला पाहिजे.

पंख

लांबी 46 सें.मी., रुंदी 11 सें.मी. पुढची आणि मागची कामटी दोन मि.मी. बाय दीड मि.मी., आणि पाच आडव्या पट्ट्या: एक मध्यावर, दोन मध्यापासून 12-12 सें.मी.वर, दोन टोकांना. आडव्या पट्ट्यांना मेणबत्तीवर सहा मि.मी. फुगवटा द्या. कामटी किंचित ओली करून ज्योतीच्या दोन-तीन सें.मी. वर हलवत राहायची. मऊ लागली की वाकवायची आणि गार होईपर्यंत धरून ठेवायची. काळी पडली तर फेकून द्या, ती नंतर तिथेच मोडते. हे काम मोठ्या माणसाने शेजारी बसून करून घ्यावं.

आता पेनोची पहिली मोठी युक्ती: पंखांची टोकं वर. लांब कामट्यांना 12 सें.मी.च्या खुणेवर दोन्हीकडे वाक द्या, म्हणजे बाहेरचा 11 सें.मी.चा भाग वर उचलला जाईल. टोक चार सें.मी. उंच आलं की पुरे. विमान डावीकडे कललं की ते डावीकडे घसरू लागतं. मग वाऱ्याचा मारा डाव्या, वर वळलेल्या टोकाखाली जास्त बसतो आणि ते टोक पुन्हा वर येतं. चालक नाही, पण कल आपोआप सुधारतो.

कागद चिकटवताना फेव्हिकॉलमध्ये तेवढंच पाणी मिसळा. आधी मधला भाग, मग दोन्ही टोकं, असे तीन वेगळे तुकडे लावा. एकच सलग तुकडा वाकावर चुरगळतो. कागद ताणू नका. ताणलेला कागद वाळताना सांगाडा पिळतो. वाळल्यावर पंख मागून डोळ्यासमोर धरून बघा. एक बाजू पिळलेली दिसली तर चहाच्या वाफेवर धरून उलट पीळ द्या. पंखाचं वजन चार ग्रॅम, जास्तीत जास्त साडेचार.

पंख दांडीवर चिकटवायचा नाही. बारीक रबरबँडने बांधायचा, म्हणजे पुढेमागे सरकवता येतो. पुढच्या कामटीखाली चार मि.मी. जाडीचा तुकडा ठेवा, मागची कामटी थेट दांडीवर.

शेपूट, आणि ती अशी का

लांबी 18 सें.मी., रुंदी सात सें.मी., सर्वांत बारीक कामट्या, वजन एक ग्रॅम. टोकांचे चार-चार सें.मी. थोडे वर वळवा. ही शेपूट दांडीच्या पुढच्या टोकापासून 42 ते 49 सें.मी. या भागात बांधायची. आणि इथे तिची मागची कड तीन मि.मी. उचलायची. पंखाची पुढची कड वर, शेपटीची मागची कड वर.

हाच त्या तरुणाचा सर्वांत मोठा विचार आहे. शेपूट पंखापेक्षा कमी कोनात बसवली आणि वजनाचा मध्य पुढे ठेवला, की नाक खाली गेल्यावर वेग वाढतो, शेपटीवर खाली दाब वाढतो आणि नाक वर येतं. नाक जास्त वर गेलं की वेग घटतो, दाबही घटतो आणि नाक खाली येतं. जॉर्ज केली या इंग्रज अभ्यासकाने शेपटीचा उपयोग आधी ओळखला होता. पेनोने ते गणित मांडून, उडवून दाखवलं.

तोल

रबर लावून, पंखाची पुढची कड दांडीच्या टोकापासून 22 सें.मी.वर ठेवून, पंखाखाली दोन बोटांवर विमान धरा. पुढच्या कडेच्या मागे तीन सें.मी.वर ते आडवं राहिलं पाहिजे. पंखा मागे असल्याने सुरुवातीला शेपूट हमखास खाली जाते. नाकाला माती लावत जा, चार ग्रॅमच्या आसपास तोल येईल. सहा ग्रॅमच्या वर माती लागत असेल तर पंखा किंवा शेपूट जड झाली आहे. तिथलं वजन कमी करा, माती वाढवू नका.

आता पीळ न देता गवतावर सोडून बघा. खांद्याच्या उंचीवरून, नाक जरासं खाली, अगदी हळू ढकलून. चार-पाच मीटरवर सरळ उतरलं तर जमलं. नाकावर आपटत असेल तर शेपटीची मागची कड एक मि.मी. उचला. उसळून, थबकून मग कोसळत असेल तर पंख तीन-चार मि.मी. मागे सरकवा. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

रबर आणि पीळ

बँडांच्या सहा-सात जोड्या एकमेकींत अडकवून साखळी करा, म्हणजे चार पदरी रबर होईल. लांबी दोन्ही आकड्यांमधल्या अंतराएवढी किंवा दोन सें.मी. जास्त, वजन पाच-साडेपाच ग्रॅम. पेनोच्याही विमानात रबर साधारण तेवढंच होतं, म्हणजे त्याच्या 16 ग्रॅम वजनाच्या जवळपास एक तृतीयांश. लावण्याआधी एरंडेल किंवा ग्लिसरीनचे दोन थेंब चोळा. पदर एकमेकांवर घासून कापले जाऊ नयेत म्हणून हे लागतं. खोबरेल तेल चालणार नाही, त्याने रबर फुगून सैल पडतं.

पहिल्यांदा 20 पीळ देऊन तळहात पंख्याच्या मागे धरा. वारा हाताला लागला पाहिजे. लागत नसेल तर पीळ उलट दिशेने दिला आहे. मग 60, 80, 100 असं वाढवत जा. बँडांच्या साखळीला 200 च्या पुढे नेऊ नका. तुटलेलं रबर चेहऱ्यावर येतं, म्हणून पीळ देणाऱ्याने चष्मा लावावा.

पीळ भरल्यावर नव्या अडचणी दिसतात, कारण आता ओढ आली. नाक वर करून चढतं आणि मग घसरतं असं झालं तर आसाचं पंख्याकडचं टोक दोन-तीन अंश खाली करा, म्हणजे पंखा शेपटीला जरा वर ढकलेल. एका बाजूला वळत असेल तर तो रबराच्या पिळाची उलट प्रतिक्रिया आहे: मागून बघताना पंखा घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर विमान डावीकडे कलतं. मोठ्या वर्तुळात फिरू द्या, तेच सुरक्षित. वर्तुळ आवळत खाली येत असेल तरच डाव्या पंखाच्या मागच्या कडेला कागदाची छोटी पट्टी चिकटवून ती जरा खाली वळवा.

कुठे आणि केव्हा

या विमानाचा वेग सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास असतो. झाडाची पानं हलवणारा वाराही त्याला तेवढाच वेगवान वाटतो. म्हणून कोल्हापुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी उजाडल्यापासून तासाभरात. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातली मोकळी गवताची जागा चांगली. गांधी मैदानावर क्रिकेट सुरू होण्याआधी पोहोचा. रंकाळ्याच्या काठावर नको, पाण्यावरची झुळूक कधी फिरेल सांगता येत नाही आणि पाण्यात पडलेला कागदी पंख परत येत नाही. जून ते सप्टेंबर शाळेच्या सभागृहात उडवा, पीळ 80 च्या आत ठेवून. त्या दिवसांत कागद दमट होऊन सैल पडतो, तेव्हा विमान कोरड्या डब्यात ठेवा.

मुलं लगेच विचारतात, दुप्पट मोठं करूया का? नको. राइट बंधूंच्या वडिलांनी 1878 मध्ये मुलांसाठी पेनोच्या धर्तीचं रबरी हेलिकॉप्टर आणलं होतं. विल्बर 11 वर्षांचा, ऑर्विल सात. दोघांनी त्याच्या नकला केल्या आणि मोठ्या केल्या की त्या नीट उडत नाहीत हे त्यांना दिसलं. कारण पुढे कळलं: सगळी मापं दुप्पट केली की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. आधी 46 सें.मी.चं नीट उडवा.

पेनो स्वतः मात्र मोठ्याकडेच निघाला होता. 1876 मध्ये पॉल गोशो या यंत्रज्ञाबरोबर त्याने दोन माणसांच्या विमानाचं पेटंट घेतलं: उलटसुलट फिरणारे दोन पंखे, आत ओढून घेता येणारी चाकं, पाण्यावर उतरायची सोय, आणि दिशा व चढ-उतार दोन्हींसाठी एकच दांडा. पुढच्या काळातल्या विमानांत यातलं बरंच काही आलं. पण त्याला बांधायला पैसा मिळाला नाही, तेवढं हलकं इंजिनही तेव्हा नव्हतं. ऑक्टोबर 1880 मध्ये, वयाच्या 30 व्या वर्षी, त्याने आयुष्य संपवलं. प्रदर्शनात मॉडेलशेजारी तक्ता लावणार असाल तर 1871 बरोबर 1876 चं पेटंटही लिहा. फक्त खेळणं करणारा म्हणून त्याची ओळख राहू नये.

तक्त्यावर स्वतःचे आकडेही हवेत: वजन, पिळाची संख्या, सेकंद, मीटर. अंतर टेपने मोजा, पावलांनी नको. वर्तुळात गेलं तर सेकंदच धरा. शेजारी पेनोचे 40 मीटर आणि 11 सेकंद लिहा, म्हणजे तुलना करता येते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे, हवा पाचेक टक्के विरळ. त्यामुळे तेवढ्याच वजनाला जरासा जास्त वेग लागतो, पण मॉडेल न उडण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

दिवस संपला की रबर काढून ठेवा, लावलेलं ठेवलं तर दांडी कायमची वाकते. साबणाच्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, थोडी टाल्कम पावडर चोळून पत्र्याच्या बंद डब्यात ठेवायचं. उन्हात राहिलेल्या रबराला बारीक भेगा पडतात. पुढच्या वेळी पीळ देण्याआधी पदर बोटांनी ताणून भेगा बघा, आणि दिसल्या तर ती जोडी बदला.